जुन्या व्हॅनमधील निदान-सॉकेट : पनवेल परिसराच्या संदर्भात एक आढावा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे कळंबोलीकडील टोक, गोव्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ चा आरंभ आणि उरणच्या बंदराकडे जाणारा अवजड वाहतुकीचा रस्ता, हे सारे पनवेलच्या चार-सहा किलोमीटरच्या परिघात येत असल्यामुळे प्रवासी व्हॅनच्या जितक्या पिढ्या या गावात एकाच वेळी रस्त्यावर दिसतात, तितक्या महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी दिसत असतील. शाळेची मुले नेणारी ओम्नी, पेण-अलिबागच्या बाजूला भाडी मारणारी ईको, तळोजा औद्योगिक वसाहतीत कामगारांची ने-आण करणारी विंगर आणि लग्नसराईत कोकणात उतरणारी टेम्पो ट्रॅव्हलर ही वाहने एकाच गल्लीतील गॅरेजसमोर उभी असतात आणि त्यांतल्या प्रत्येकीच्या बाबतीत आता एकच प्रश्न आधी विचारला जातो : हिला स्कॅनर लागतो का, आणि लागत असेल तर तो कुठे लावायचा? प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर केवळ गाडीच्या मॉडेलवरून किंवा वयावरून देता येत नाही. ते गाडी कोणत्या उत्सर्जन टप्प्यानुसार बनली आणि पहिल्यांदा कोणत्या शहरात नोंदली गेली यावर अवलंबून असते. म्हणून डॅशबोर्डखाली टॉर्च मारण्याआधी आरसी बुक उघडणे अधिक शहाणपणाचे आहे.

ज्याला गॅरेजमध्ये ओबीडी पोर्ट, ओबीडी सॉकेट किंवा नुसते स्कॅनरचे सॉकेट म्हणतात, ते म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाशी, अर्थात ईसीएमशी, बाहेरून बोलण्याचे ठिकाण होय. हा संगणक पाण्याचे तापमान, आत येणाऱ्या हवेचा दाब, क्रँकशाफ्टची गती, धुरातील ऑक्सिजन अशी मापे सेन्सरांकडून सतत घेत असतो, आणि त्यांपैकी एखादे माप अपेक्षित मर्यादेबाहेर गेले की त्या दोषाचा एक ठरावीक क्रमांक स्मृतीत नोंदवून चालकासमोरचा पिवळा दिवा लावतो. सॉकेटमधून हा क्रमांक वाचता येतो, दोष घडला त्या क्षणी इंजिनाची स्थिती काय होती याची नोंद पाहता येते आणि चालू इंजिनाची मापेही थेट दिसतात.

व्हॅनच्या बाबतीत या सोयीचा इतिहास पुष्कळांना वाटतो त्यापेक्षा जुना आहे. फोक्सवागनने १९७१ च्या सुमारास आपल्या बीटल मोटारीला आणि मागे इंजिन असलेल्या प्रसिद्ध व्हॅनला, इंजिनाच्या कप्प्यातच, निदानयंत्र जोडण्याचे सॉकेट बसवण्यास सुरुवात केली होती, मात्र त्या गाडीत संगणक नव्हता, तो कार्यशाळेत होता आणि सॉकेटमधून फक्त गाडीतील तारांवरची मापे घेतली जात. गाडीने स्वतःच स्वतःची तपासणी करावी ही कल्पना कायद्यात आली ती लॉस एंजेलिसच्या धुरक्याने त्रासलेल्या कॅलिफोर्नियात, १९८८ च्या मॉडेलांपासून. मात्र त्या पहिल्या टप्प्यात प्रत्येक कंपनीचे सॉकेट वेगळे, क्रमांक वेगळे आणि वाचण्याची रीतही वेगळी होती. हा गोंधळ मिटवून सोळा पिनांचे एकच सॉकेट, क्रमांकांची एकच मांडणी आणि चालकाच्या आसनापासून हाताच्या अंतरावरची जागा अमेरिकेने १९९६ पासून सर्व हलक्या वाहनांना सक्तीची केली. युरोपात पेट्रोल मोटारींना ही सक्ती २००१ पासून आणि डिझेल मोटारींना त्यानंतर लागू झाली.

भारतात हे सारे उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आले, आणि पनवेलच्या गॅरेजमधला आजचा गोंधळ या तुकड्यांमधूनच जन्मला आहे. २००० नंतर भारत टप्पा दोनचे उत्सर्जन नियम आधी दिल्लीत, मग मुंबईसारख्या महानगरांत आणि २००५ पासून देशभर लागू झाले. या नियमांपुढे कार्ब्युरेटर टिकू शकला नाही आणि पेट्रोल गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इंधन फवारणी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील एमपीएफआय, आली. त्याबरोबर ईसीएम आला, परंतु प्रमाणित सॉकेटची सक्ती आली नाही. ती आली १ एप्रिल २०१० रोजी भारत टप्पा चारबरोबर, आणि तो टप्पा त्या दिवशी संपूर्ण देशाला नव्हे, तर केवळ तेरा शहरांना लागू झाला. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर या तीन शहरांचा त्यांत समावेश होता. उर्वरित राज्यात त्याच वर्षी टप्पा तीन लागू झाला. पुढे शहरांची यादी वाढत गेली, तरी देशभर टप्पा चार येण्यास १ एप्रिल २०१७ उजाडावे लागले.

याचा अर्थ असा, की सात वर्षे एकाच कारखान्यातून, एकाच नावाने, एकाच रंगाच्या दोन प्रकारच्या गाड्या बाहेर पडत होत्या. पनवेलच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात मुंबई आणि पुण्याहून उतरलेली वाहनेही येतात आणि कोकणातील किंवा घाटावरील लहान गावांतून आलेलीही येतात. त्यामुळे २०१२ सालच्या दोन व्हॅन शेजारी उभ्या असल्या, तरी एकीला पूर्ण प्रमाणित सॉकेट असावे आणि दुसरीला नसावे किंवा असून त्याने स्कॅनरला दाद देऊ नये, यात आश्चर्य काहीच नाही. अशा वेळी नंबर प्लेटवरचे एमएच-४६, एमएच-०६ किंवा एमएच-४३ ही अक्षरे आणि आकडे एकटे पुरेसे ठरत नाहीत. गाडी मूळ कोठे नोंदली होती, उत्पादनाचा महिना-वर्ष कोणते आणि आरसीवर किंवा वाहन पोर्टलवर उत्सर्जन टप्पा कोणता दिला आहे, या तीन गोष्टी जुळवून पाहिल्या म्हणजे निम्मे उत्तर मिळते.

उरलेल्या निम्म्यात आणखी एक बारकावा आहे. भारतीय नियमांतील ओबीडीचा पहिला टप्पा आणि २०१३ पासून टप्पा चारच्या गाड्यांना लागू झालेला दुसरा टप्पा यांत सॉकेटचा फरक नसून तपासणीच्या खोलीचा फरक आहे. पहिल्या टप्प्यात ईसीएमने मुख्यतः विद्युतमार्ग अखंड आहेत की नाहीत एवढे पाहावे, म्हणजे सेन्सरची तार तुटली तर दिवा लावावा, आणि दिवा लागल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हे सांगावे, अशी अपेक्षा होती. दुसऱ्या टप्प्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होत चालला आहे का, एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही का, ऑक्सिजन सेन्सर मंदावला आहे का, अशी गुणवत्तेची परीक्षाही आली. म्हणून २०११ च्या ईकोत स्कॅनर काहीच दोष दाखवत नाही याचा अर्थ कन्व्हर्टर शाबूत आहे असा होत नाही. ती गाडी तो प्रश्न स्वतःला विचारतच नसण्याची शक्यता मोठी आहे. गॅरेजमध्ये या फरकाकडे सर्रास दुर्लक्ष होते आणि त्याची किंमत गिऱ्हाईक मोजते.

आता एकेका व्हॅनकडे पाहता, १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून आलेली, १९८८ पासून ओम्नी या नावाने ओळखली गेलेली आणि २०१९ पर्यंत बनत राहिलेली गाडी या प्रश्नाचा सर्वांत लांब पट्टा व्यापते. तिच्या कार्ब्युरेटरच्या पिढीत शोधण्यासारखे सॉकेटच नाही, तेथे प्लगचा रंग, टायमिंग आणि कार्ब्युरेटरची जेट हेच निदान. एमपीएफआयच्या पहिल्या पिढ्यांसाठी सुझुकीची जुनी रीत ध्यानात ठेवावी लागते : जपानी बनावटीच्या त्या काळच्या अनेक सुझुकी गाड्यांत निदानाच्या कप्लरमधील दोन विशिष्ट टोके तारेने जोडली की इंजिनाचा दिवा लुकलुकून क्रमांक सांगे, एक लुकलुक, थोडा विराम आणि मग दोन लुकलुक म्हणजे बारा, आणि बारा म्हणजे दोष नाही. अशी तार जोडण्याआधी त्या विशिष्ट वर्षाची सर्व्हिस पुस्तिका पाहणे अनिवार्य आहे, कारण अंदाजाने दोन टोके जोडून ईसीएम जाळून घेतल्यास तो भाग पुन्हा मिळवणे हाच मोठा खर्च ठरतो. जानेवारी २०१० मध्ये आलेली ईको मात्र नेमकी संक्रमणाच्या उंबरठ्यावर जन्मली असल्याने तिच्या सुरुवातीच्या वर्षांत वर सांगितलेली कागदांची पारख सर्वाधिक कामाची आहे.

डिझेल व्हॅनची गोष्ट निराळी आहे. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे २००५ नंतरच्या फोर्स मोटर्सने, १९८७ पासून बनवलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या जुन्या गाड्यांत यांत्रिक पंप आहे, तेथे इंधनाचे माप स्प्रिंग आणि गव्हर्नर ठरवतात, त्यामुळे बिघाड शोधायचा तर पंप-नोझलचे काम करणाऱ्याकडेच जावे लागते. रेनॉच्या ट्रॅफिकच्या आराखड्यावर बेतलेल्या आणि २००७ मध्ये आलेल्या टाटा विंगरच्या बाबतीतही इंजिन कोणते यावर सारे अवलंबून आहे, कॉमन रेल असेल, म्हणजे एका सामाईक नळीत उच्च दाबाने साठवलेले डिझेल ईसीएमच्या आज्ञेने फवारले जात असेल, तरच स्कॅनरला काम आहे. २०१० पूर्वीच्या काही कॉमन रेल डिझेल गाड्यांत सॉकेट सोळा पिनांचे दिसते, परंतु प्रमाणित भाषेची सक्ती तेव्हा नसल्यामुळे आत कंपनीची खासगी भाषा असते. बाजारातील साधा स्कॅनर अशा सॉकेटमध्ये अगदी नीट बसतो आणि तरीही त्याला उत्तर मिळत नाही.

सॉकेट शोधण्याची पहिली जागा स्टीअरिंगच्या दांड्याखाली, चालकाच्या गुडघ्यांच्या वरच्या बाजूस, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला. तेथे नसल्यास फ्यूज बॉक्सचे झाकण, उजव्या पायाजवळची बाजूची पट्टी, हातब्रेकच्या आसपासचे झाकण आणि डाव्या बाजूचा सामानाचा कप्पा या क्रमाने पाहावे. व्हॅनमध्ये शोध अवघड होतो याचे कारण तिची रचनाच आहे. ओम्नी-ईकोसारख्या गाड्यांत इंजिन पुढच्या आसनांखाली असल्याने डॅशबोर्ड अरुंद आणि उथळ असतो, त्यात मालकाने नंतर बसवलेला टेप, पंखा, मोबाइलचे चार्जर आणि छतावरच्या रंगीत दिव्यांच्या तारा कोंबलेल्या असतात, आणि कोणा वायरमनने आड येणारे सॉकेट मूळ पट्टीवरून सोडवून तारांच्या जुडग्यात चिकटपट्टीने बांधून ठेवलेले असते. म्हणून पट्टीवर रिकामी चौकोनी खाच दिसली तर सॉकेट नाही असे न समजता हाताने जुडगा चाचपावा. सॉकेटचा आकार एकदा पाहिला की विसरत नाही : वरची बाजू रुंद, खालची अरुंद, आणि आठ-आठ घरांच्या दोन ओळी.

सॉकेट सापडले आणि स्कॅनरचा दिवाच लागला नाही, तर पुष्कळ लोक स्कॅनरला दोष देतात. प्रत्यक्षात अशा वेळी प्रथम सॉकेट तपासणे इष्ट आहे, आणि हे काम साध्या मल्टिमीटरने पाच मिनिटांत होते. रुंद बाजू वर धरून समोरून पाहिले असता वरच्या ओळीत डावीकडून एक ते आठ आणि खालच्या ओळीत नऊ ते सोळा असे क्रमांक येतात. खालच्या ओळीतील सर्वांत उजवीकडचे सोळावे घर थेट बॅटरीचे, वरच्या ओळीतील चौथे गाडीच्या सांगाड्याच्या अर्थिंगचे आणि पाचवे संदेशांच्या अर्थिंगचे असते. चावी बंद असतानाही सोळा आणि चार यांच्यात बॅटरीइतका, म्हणजे बारा व्होल्टच्या थोडा वर, दाब मिळायला हवा. तो मिळाला नाही तर फ्यूज पाहावा. जुन्या गाड्यांत हा फ्यूज पुष्कळदा आतील दिवा, हॉर्न किंवा सिगारेट लायटरच्या मार्गावरच असतो, आणि लायटरमध्ये स्वस्त चार्जर खुपसल्याने तो उडाल्यावर चार्जर बंद पडला एवढेच मालकाच्या लक्षात राहते. दाब येतो पण स्कॅनर सुरू होऊन लगेच बंद पडतो, अशा वेळी चौथ्या घराचे अर्थिंग संशयास्पद ठरते.

येथे कोकणच्या हवेचा प्रश्न येतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि काही भागांत त्याहूनही अधिक पाऊस पडतो, खाडीची खारट दमट हवा बारा महिने असते, आणि व्हॅनच्या समोरील काचेचे रबर पंधरा वर्षांत कडक होऊन फटी पडल्या की पाणी नेमके डॅशबोर्डच्या मागून तारांवरून ओघळत खाली येते. सॉकेट हे त्या ओघाच्या सर्वांत खालच्या टोकाला असल्यामुळे त्याच्या पिनांवर हिरवट थर धरतो, आणि हा थर दाब मोजताना कळत नाही. मल्टिमीटरला नाममात्र प्रवाह पुरतो म्हणून तो बारा व्होल्ट दाखवतो, पण स्कॅनरने खरा प्रवाह ओढला की त्या थरावरच दाब कोसळतो. म्हणून शंका असल्यास मल्टिमीटरऐवजी लहान बल्बचा टेस्ट लॅम्प सोळा आणि चार यांत लावून तो लख्ख पेटतो का पाहणे अधिक विश्वासार्ह. थर काढण्यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश पुरे. सुईने किंवा स्क्रूड्रायव्हरने घरे खरवडली तर आतील पितळी पाती रुंद होतात आणि नंतर कोणताही स्कॅनर सैलच बसतो. पुराच्या पाण्यात बुडून दुरुस्त केलेल्या गाड्यांची पारखही येथेच होते, कारण मालक आसने आणि चटया बदलतो, सॉकेटच्या मागची गाळाची रेघ मात्र राहून जाते.

वीज ठीक असूनही संवाद जमत नसेल तर भाषेचा विचार करावा लागतो. २०१० च्या आसपासच्या अनेक गाड्या सातव्या घरातील एकाच तारेवरून, जिला के-लाइन म्हणतात, बोलतात. नंतरच्या गाड्या सहाव्या आणि चौदाव्या घरांतील दोन तारांवरून, कॅन या पद्धतीने, बोलतात. के-लाइनचा जुना शिष्टाचार संथ आहे. स्कॅनरने आरंभीचा पत्ता सेकंदाला पाच बिट या गतीने पाठवायचा असतो, त्या एका हाकेलाच दोन सेकंद लागतात, मग ईसीएम ओळख पटवतो आणि पुढील बोलणे सेकंदाला दहा हजार चारशे बिट या गतीने चालते, आणि पाच सेकंद कोणी बोलले नाही तर सारे पुन्हा पहिल्यापासून. एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातील कंपनीने बनवलेल्या एल्म ३२७ या चिपच्या नकला काही शे रुपयांत मिळतात. त्यांतल्या अनेक नकला कॅनवर ठीक चालतात पण ही संथ हाक वेळेत देऊ शकत नाहीत, त्यामुळे नव्या गाडीवर चालणारे तेच ब्लूटूथ यंत्र जुन्या व्हॅनवर मुके होते. जुनी व्हॅन हाताळणाऱ्याने यंत्र घेतानाच के-लाइनच्या सर्व रीती चालतात याची खात्री करून घ्यावी, एवढाच यावरचा उपाय. कॅनच्या गाडीत चावी बंद ठेवून सहा आणि चौदा या घरांमधील रोध मोजल्यास साधारण साठ ओहम यायला हवा. एकशेवीस आला तर जाळ्याचे एक टोक तुटलेले आहे असे समजावे. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळच्या गॅरेजमध्ये आणखी एक पथ्य लागते : अवजड वाहनांची वीज चोवीस व्होल्टची असते, आणि बारा व्होल्टपुरते बनवलेले यंत्र तेथे जबरदस्तीने जोडू नये.

क्रमांक वाचता आला म्हणजे निदान झाले, ही समजूत या सर्व विषयातील सर्वांत महाग समजूत आहे. पी-०१७१ हा क्रमांक मिश्रणात इंधन कमी पडते एवढेच सांगतो. त्यामागे फाटलेली व्हॅक्यूम नळी, तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप किंवा सायलेन्सरच्या जोडातून शिरणारी हवा यांपैकी काहीही असू शकते, आणि तरीही पुष्कळदा थेट ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. पनवेल-नवी मुंबई पट्ट्यात सीएनजीवर चालणाऱ्या व्हॅन मोठ्या संख्येने असल्यामुळे हा मुद्दा येथे अधिक गंभीर होतो. बाहेरून बसवलेल्या किटला स्वतःचा छोटा संगणक आणि स्वतंत्र प्लग असतो, त्याचे दोष गाडीच्या मुख्य सॉकेटमधून दिसत नाहीत. उलट गॅसचे माप चुकले की त्याचा ठपका मुख्य ईसीएमच्या नोंदीत पेट्रोलच्या यंत्रणेवर येतो. काही किट बसवणारे दिवा लागू नये म्हणून ऑक्सिजन सेन्सरचा खोटा संकेत देणारा तुकडा मध्ये जोडतात, त्यानंतर सॉकेटमधून मिळणारी मापे विश्वासार्ह राहत नाहीत. अशा गाडीत इंधन दुरुस्तीची टक्केवारी, म्हणजे ईसीएम मूळ मापात किती भर किंवा घट करतो तो आकडा, आधी पेट्रोलवर आणि मग गॅसवर पाहावी. पेट्रोलवर ती शून्याच्या आसपास राहून गॅसवर दहाच्या पलीकडे गेली, तर इंजिन खोलण्याचे कारण नाही, किट ट्यून करण्याचे आहे.

सॉकेटच्या या सोयीचा सार्वजनिक उपयोग मात्र भारतात अपुराच राहिला आहे. पीयूसीच्या तपासणीत धूर सायलेन्सरच्या तोंडाशी मोजला जातो, पेट्रोल गाडीला संथ गतीवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा टप्पा चारसाठी ०.३ टक्के आणि त्याआधीच्या दोन टप्प्यांसाठी ०.५ टक्के असते, आणि या तपासणीत सॉकेटला कोणी हात लावत नाही. परिणामी पिवळा दिवा लागलेली व्हॅन संथ गतीवर उत्तीर्ण होते आणि घाट चढताना काय ओकते हे अज्ञातच राहते. शाळेच्या आणि भाड्याच्या व्हॅनपुरती तरी पासिंगच्या वेळी सॉकेटमधून नोंद वाचण्याची पद्धत सुरू व्हावी. साधने गल्लीतल्या गॅरेजमध्येही आहेत आणि मुले रोज त्या धुरामागे बसतात.

जुनी व्हॅन विकत घेणाऱ्याने बयाणा देण्यापूर्वी चावी ऑन करून, इंजिन चालू न करता, पिवळा दिवा पेटतो का आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो का हे पाहावे. चावीवर तो पेटतच नसेल तर बल्ब काढलेला आहे किंवा तार दुसऱ्या दिव्याला जोडलेली आहे असे समजावे. त्यानंतर स्कॅनर लावून, गाडीत सोय असल्यास, दोष पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तो आकडा मागावा. विक्रेत्याने आदल्या रात्री नोंदी पुसल्या असतील तर हा आकडा दोन-चार किलोमीटरच येतो, आणि मग ती गाडी किमान आठवडाभर चालवून पुन्हा तपासल्याशिवाय व्यवहार करू नये.